विषय : स्टेपनीखाली सापडलेल्या दारूच्या बाटल्या, व्हाइट बोर्ड गाडी आणि कापून घेतलेलं डिपॉझिट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे.

महोदय,

गेल्या मार्चमध्ये, शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या शिमग्याच्या दिवसांत तिथं जायला आम्ही मित्रांनी तुमच्या बेळगाव शाखेतून सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली होती. गाडी परत दिल्यावर तुमचा ईमेल आला. ५,००० रुपयांच्या डिपॉझिटमधून टायरचे २,८०० रुपये, ‘मद्याच्या वासामुळे विशेष स्वच्छता’ या नावाखाली १,५०० रुपये आणि उशिराचे ७०० रुपये कापल्याचं त्यात लिहिलंय. बेरीज बरोबर ५,००० होते. आधी कापायची रक्कम ठरली आणि मग कारणं शोधली, असं वाटावं इतकी बरोबर. वर एक वाक्य आहे : ‘ग्राहक नशेत असल्याने वाहनाची हानी झाली.’ हे पत्र मुख्यतः त्या वाक्यासाठी आहे. शाखेत गेलो तर ‘मेन ऑफिसला लिहा’ म्हणाले, म्हणून तुम्हाला लिहितोय. बेळगावात तुमची जाहिरात मराठीत लागते, तेव्हा तक्रारही मराठीत वाचता येत असावी.

गाडी ताब्यात घेतानाच डिकीतून उग्र वास येत होता. विचारलं तर तुमच्या शाखेतला मुलगा म्हणाला, “सॅनिटायझर मारलंय, सर.” गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढायची सक्ती तुमच्याच ॲपची आहे. त्या व्हिडिओत माझा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही ऐकू येतात. पंधराशे रुपये कापण्याआधी कुणी तो उघडून पाहिला असता तर बरं झालं असतं.

दुसरा प्रश्न मी नंबर प्लेटबद्दल विचारला. पांढरी पाटी, काळी अक्षरं, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत व्हाइट बोर्ड. ती खाजगी गाडीची पाटी. ड्रायव्हरसह भाड्याने जाणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी, आणि ग्राहकाने स्वतः चालवायला भाड्याने घेतलेल्या गाडीची पाटी काळी, त्यावर पिवळी अक्षरं. गोव्यात अशा काळ्या पाटीच्या गाड्या गल्लोगल्ली दिसतात. रेंट-अ-कॅबची सरकारी योजना १९८९ पासून आहे आणि तिच्यात परवाना मिळवायला किमान ५० गाड्या लागतात, हे मला आता तोंडपाठ झालंय. त्या दिवशी मी फक्त एवढंच विचारलं, “भाड्याच्या गाडीला व्हाइट बोर्ड कसा?” उत्तर मिळालं, “काही प्रॉब्लेम नाही. वाटेत कुणी विचारलं तर मित्राची गाडी म्हणून सांगायचं.” दुसरी गाडी मागितली तर शिल्लक नाही, आणि आता रद्द केलं तर निम्मे पैसे जातील.

आमच्यातला जो गाडी चालवणार होता तो माळकरी आहे. आषाढीला पायी जाणाऱ्यातला. तो तिथंच म्हणाला, “मी काय खोटं बोलणार नाही हां. विचारलं तर भाड्याची म्हणून सांगणार.” तुमच्या मुलाने हसून किल्ली त्याच्या हातात ठेवली.

जाताना काही झालं नाही. पहाटे निघालो, जांबोटीला चहा-उप्पीट झालं, कणकुंबीला माउलीच्या देवळात माळकऱ्याने आम्हाला थांबवलं. मलप्रभा तिथंच उगम पावते. चोर्ला घाट उतरून केरी, साखळी, डिचोली करत म्हापशाला पोचलो तर शुक्रवारचा बाजार भरलेला. चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या पोर्क सॉसेजच्या लालभडक माळा, सुक्या मिरच्यांचे ढीग, टोपलीत गरम पोई, म्हणजे तिथला पाव. बाजाराबद्दल मी आणखी पानभर लिहू शकेन, पण तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

रात्रीबद्दल मात्र लिहावं लागेल, कारण नशेचा आरोप तुम्ही केलाय. वागातोर, हणजूण आणि बागा या तिन्ही ठिकाणी आम्ही फिरलो. बाकीच्यांनी घेतली. मार्च म्हणजे उर्राकाचे, काजूच्या बोंडांच्या हलक्या दारूचे दिवस. त्यात लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाकून तो कसा लागतो हे गोव्याला गेलेल्या माणसाला सांगायला नको. आमचा माळकरी त्या रात्रींत पातळभाजी, पोई आणि बिनदुधाचा चहा यांवर राहिला. गाड्यावर आम्ही रोस-ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेलं ऑम्लेट हाणत होतो तेव्हा हा गाड्यावाल्याला “रस्सा चिकनचाच हाय काय? बटाट्याचा नाही?” असं विचारत होता. तोही बिचारा गडबडून गेला. क्लबचा बेत एका रात्री आपोआप बारगळला, कारण शिगम्याच्या मिरवणुकीत अडकलो. रोमटामेळ, ढोल-ताशे, घोडेमोडणी, पाठोपाठ चित्ररथ. तिथून कुणाचा पाय निघेना. माझ्या मते क्लबपेक्षा ती रात्र भारी गेली. आणि या सगळ्यात किल्ली माळकऱ्याच्या खिशात होती. दुसऱ्या कुणी गाडी चालवलेली नाही. तुमच्या गाडीला जीपीएस आहे, पण ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेणारं यंत्र नाही. मग तो नशेत होता हे कुणी ठरवलं?

आता कणकुंबीचं सांगतो. गोव्यातली दारू परवान्याशिवाय कर्नाटकात आणता येत नाही. इथल्या १९६५च्या अबकारी कायद्याने तो गुन्हा आहे आणि त्यात गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. बेळगावच्या पोराला हे शाळेत असल्यापासून माहीत असतं, त्यामुळे आम्ही एक बाटलीही बरोबर घेतली नव्हती. रविवारी रात्री परतताना कणकुंबीच्या अबकारी नाक्यावर गाडी थांबवली, तेव्हा माळकरी मोठ्या आत्मविश्वासाने खाली उतरला आणि त्यानेच डिकी उघडून दिली. बॅगा बाहेर काढल्या. अधिकाऱ्याने खालची चटई उचलली, स्टेपनी वर उचलली, आणि तिच्याखालून दोन बाटल्या निघाल्या. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेल्या. त्यातली एक झिरपलेली. तुमचं सॅनिटायझर ते हेच.

“गाडी यार्दरी?” त्याने विचारलं. गाडी कुणाची? आमचा खानापूरचा मित्र कन्नड माध्यमात शिकलेला, त्याने कन्नडमध्येच खरं ते सांगितलं की गाडी भाड्याची आहे. “मग बोर्ड व्हाइट कसा?” या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, ते तुमच्याकडे असायला हवं. आरसी मागितली. ती गाडीत नव्हती, ॲपवर तिचा धूसर फोटो होता. त्यावर मालक म्हणून कुणा परगावच्या माणसाचं नाव. ज्याला आम्ही मित्र म्हणायचं होतं, त्याचं नाव आम्ही पहिल्यांदा तिथं, बॅटरीच्या उजेडात वाचलं.

बाटल्या ज्या कागदात गुंडाळल्या होत्या तो गोव्यातल्या एका वर्तमानपत्राचा, जानेवारीतल्या तारखेचा. झिरपलेल्या दारूने भिजून पत्र्याला चिकटलेला आणि तसाच वाळलेला. तो अधिकारी समजूतदार निघाला. कागद, धूळ, चिकटलेला पत्रा त्याने नीट पाहिला, बाटल्या जप्त केल्या, आमचे जबाब लिहून घेतले. जबाब कन्नडमध्ये होता. खानापूरच्या मित्राने तो आम्हाला ओळ न् ओळ मराठीत सांगितला, मग सह्या केल्या. सगळ्यात जास्त वेळ माळकरी बसून होता, कारण गाडी त्याच्या नावावर बुक होती. गळ्यात तुळशीची माळ आणि समोर टेबलावर दारूच्या दोन बाटल्या. आता आम्ही हसतो त्यावर, पण त्या रात्री त्याचा चेहरा बघवत नव्हता.

जाताना अधिकाऱ्याने स्टेपनीवर अंगठा दाबला आणि म्हणाला, “ह्यात हवा कुठं हाय? सावकाश जावा.” एवढ्या रात्री कणकुंबीत पंक्चरवाला उघडा नव्हता.

कणकुंबी ते जांबोटी हा रस्ता तुमच्या कुणी साहेबांनी रात्री केलाय का, माहीत नाही. दोन्ही बाजूंना जंगल, गवे रस्त्यावर येऊन उभे राहतात, अस्वलांचा भाग, मोबाइलला रेंज नाही. तिथंच मागचा टायर फुटला. वेग किती होता ते तुमच्या जीपीएसवर बघा, कारण स्टेपनीत हवा नाही हे कळल्यापासून माळकरी बैलगाडीसारखी गाडी चालवत होता. फुटलेल्या टायरचा फोटो सोबत आहे. त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचता येतात : २३१७. म्हणजे २०१७ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात, जूनमध्ये बनलेला टायर. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर तो टायर रस्त्यावर चालवू नये असा नियम आहे. या टायरवर नक्षी बोटाला लागतसुद्धा नाही. गाडीत जॅक होता, पाना नव्हता.

तुमची चोवीस तासांची हेल्पलाइन लागली ती एक जण टेकाडावर चढून हात उंच करून उभा राहिल्यावर. कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन, मग बराच वेळ संगीत, आणि मग सूचना : “गाडी जवळच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन जा.” टायर फुटलाय म्हटल्यावर लोकेशन पाठवायला सांगितलं. तेवढ्यात रेंज गेली. त्यानंतर आजतागायत तुमचा एक फोन आलेला नाही.

आम्हाला सोडवलं ते भाजीच्या पिकअपवाल्याने. बेळगावची भाजी रात्रीतून गोव्याला जाते, कोबी आणि टोमॅटो भरून तो घाटाकडे निघाला होता. न सांगता थांबला. स्वतःचा पाना काढला, पायाने मारायचा पंप काढला, स्टेपनीत हवा भरून दिली. पैसे घेईना. “सकाळचा बाजार गाठायचा हाय मला, तुम्ही हळूच जावा, जांबोटीला थांबा,” म्हणाला आणि गेला. जांबोटीला पंक्चरवाल्याचं दुकान उघडेपर्यंत आम्ही गाडीत बसून होतो. गाडी उशिरा परत आली त्याचं हे कारण, आणि त्याचे ७०० रुपये तुम्ही आमच्याकडूनच घेतलेत.

टायरबद्दल तुमचं म्हणणं ‘खराब रस्त्यावर वापर’ असं आहे. तुमच्याच ॲपवर ‘बेळगाव ते गोवा’ हे पॅकेज आहे. बेळगावातून गोव्याला चोर्ल्याने, अनमोडने नाहीतर आंबोलीने जातात, तीनही घाटच. आम्ही कुठल्या गुळगुळीत रस्त्याने जायला हवं होतं, तेही कळवावं.

खरी भीती मला नंतर विम्याची वाटली. खाजगी गाडीची पॉलिसी गाडी भाड्याने देण्यासाठी नसते. त्या टायरने दरीच्या बाजूला दगा दिला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते. तुम्हीही ‘मित्राची गाडी’ म्हणूनच सांगितलं असतं, अशी मला शंका आहे.

माझ्या मागण्या अशा. पूर्ण डिपॉझिट आणि जांबोटीच्या पंक्चरवाल्याचे ३५० रुपये परत करा, पावती जोडली आहे. नशेचं ते वाक्य लेखी मागे घ्या. आणि पैशांपेक्षा महत्त्वाचं : आमच्या बुकिंगच्या आधी ती गाडी कुणाकुणाकडे होती त्याची नोंद जोडून, बाटल्या आमच्या नव्हत्या असं पत्र तुमच्या सहीने कणकुंबीच्या नाक्यावर द्या आणि त्याची प्रत आम्हाला पाठवा. जबाबावर सही केलेल्यांपैकी एकाची सरकारी नोकरीची पडताळणी अजून व्हायची आहे. त्याच्या नावाभोवती असली भानगड राहता कामा नये.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस मी वाट बघेन. तुमच्या अटींत ‘सर्व वाद पुणे न्यायकक्षेत’ असं बारीक अक्षरात छापलंय. मात्र २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, आणि मी बेळगावात राहतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्कही नाही. व्हाइट बोर्डची तक्रार आरटीओकडे वेगळी करणार आहे. ती तुम्ही पैसे परत केले तरी करणार आहे.

कळावे,

आपला ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव