प्रयोग आदल्या दिवशी करून बघ

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

इंटर्नशिपला नववी-दहावीचे वर्ग मिळाले, बरं झालं. पाठ टाचण (तासाची लेखी आखणी) तू नीट लिहितेसच, बी.एड.ला ते घोटूनच घेतात. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे सोबतिणींपुढं छोटा पाठ घेण्याच्या सरावाचं, छत्तीस मिनिटांचं चक्रही (सहा मिनिटं पाठ, सहा त्यावरचा अभिप्राय, बारा मिनिटांत नवी आखणी, पुन्हा सहा आणि सहा) प्रश्न विचारायला आणि फळा वापरायला शिकवतं. पण तिथं समोर मैत्रिणी बसलेल्या असतात आणि हातात परीक्षानळी नसते. रसायन-भौतिकाचा तास बिघडतो तो बाटलीतल्या जुन्या द्रावणानं, पाण्यानं नाहीतर ढिल्या वायरीनं. म्हणून शाळा सुटली की दुसऱ्या दिवशीचा प्रयोग त्याच सामानानिशी एकदा पूर्ण करून बघायचा. हे टाचणात कुणी तपासत नाही, तरी सोडू नको.

आधी पाणी बघ. आपल्याकडं शाळेत बोअरचंच पाणी. त्यात क्लोराइड असतात, त्यामुळं त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण केलं तर मीठ टाकायच्या आतच ते गढूळ होतं आणि दुहेरी विस्थापनाचा (दोन क्षारांनी आपसांत घटक बदलण्याचा) पांढरा साका दाखवायला काही उरत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आण. तेही डोळे झाकून वापरू नको. थोड्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाक, दुधाळ झालं तर कॅन नळावर भरलेला आहे असं समज.

द्रावणं स्वतः कर. बाजारातलं संहत (तीव्र) हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १२ मोलर (लिटरला १२ मोल) असतं, ०.१ मोलर एक लिटर हवं तर ८.३ मिलिलिटर पुरतं. आम्ल पाण्यात ओतायचं. सल्फ्युरिकला तर हा नियम जिवाचा आहे. उलटं केलं की वरचं पाणी उकळून आम्लासकट अंगावर उडतं. सोडियम हायड्रॉक्साइड ०.१ मोलरसाठी लिटरला ४ ग्रॅम, पण पावसाळ्यात त्याच्या पापड्या ओल धरतात, वजन पाण्याचंच भरतं आणि द्रावण पातळ निघतं. एप्रिलच्या उन्हात अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो. ती आधी गार पाण्यात ठेव, मग ओलं फडकं टाकून, तोंड बाजूला करून उघड. फेरस सल्फेट तपकिरी पडलं असेल तर ते टाकून दे, त्याच्यावर प्रयोग होत नाही.

चुन्याच्या निवळीवर मात्र तास खर्च कर, ती फार कामाची. पानटपरीवरचा चमचाभर चुना अर्धा लिटर पाण्यात ढवळायचा, बाटली गळ्यापर्यंत भरून बूच लावून रात्रभर ठेवायची आणि वरचं नितळ पाणी गाळून घ्यायचं. चुना जास्त टाकून निवळी तेज होत नाही. लिटरमागं दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. बाटली अर्धी रिकामी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं वर साय धरते. लेकरांना नळीनं फुंकायला लाव, पण फक्त फुंकायचं, ओढायचं नाही, हे तीनदा सांग. निवळी दुधाळ होते. इथंच बहुतेक जण थांबतात. तू थांबू नको. खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस यांचा वायू त्यात सोडत राहा. दूध हळूहळू पुन्हा नितळ होतं, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट झालं. आता तीच निवळी परीक्षानळीत तापव, परत गढूळ. मग विचार, आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात पांढरा थर कुठून येतो? उत्तर वर्गातूनच येईल, थोडी वाट बघ.

विद्युतधारेत लेकरांची एक समजूत पक्की असते, की दिवा धारा खाऊन टाकतो. ती सांगून जात नाही. दोन सेल, टॉर्चचा जुना तारेचा दिवा (हल्ली सगळे एलईडी, त्यामुळं शोधावा लागेल) आणि अमीटर घे. आधी हात वर करायला लावून मतं मोज आणि फळ्यावर लिही: दिव्याच्या पुढं धारा कमी की तेवढीच? मग अमीटर दिव्याच्या आधी आणि नंतर जोडून दोन्ही वाचनं लिही. अमीटरचा काटा शून्यावर आहे का ते सुरुवातीलाच बघ. तांब्याच्या तारेला बहुधा वार्निशसारखा मुलामा असतो, टोकं सँडपेपरनं घासल्याशिवाय धारा वाहत नाही. निम्मे 'बंद पडलेले' प्रयोग तेवढ्यानं सुरू होतात. ओहमच्या नियमाला हा दिवा नको. तार तापली की रोध वाढतो आणि आलेख सरळ न येता वाकतो. तिथं नायक्रोमची तार वापर, तिचा रोध तापल्यानं फारसा बदलत नाही. कळ वाचनापुरती दाब, नाहीतर सेल उतरतात.

परीक्षांचं थोडक्यात. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी लागते, पण पाचवी ते दहावीच्या शाळांत जागा सहावी-आठवीच्याही निघतात, म्हणून गणित-विज्ञानाचा दुसरा पेपर देऊन ठेव. पवित्र या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलवर टेटचे (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे, ही टीईटीहून वेगळी) गुण लागतात: २०० प्रश्न, १२० मिनिटं, त्यात अभियोग्यता १२० गुणांची आणि बुद्धिमत्ता ८० गुणांची. विषयाचं ज्ञान तिथं कामी येत नाही, वेग येतो. रोज घड्याळ लावून सोडव.

सँडपेपर, नायक्रोमची तार आणि दोन जुने दिवे पार्सलनं पाठवते.

तुझी,
आई