कोर्स शोधतोयस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. 'नाही' म्हणायला शिकवणारा कोर्स सुचव म्हणतोस, आणि त्याच पत्रात सहकाऱ्याचा अहवाल तू रात्री जागून लिहितोयस! धन्य आहेस.

कोर्स निवडताना एवढंच विचार, तिथे मला तोंड उघडावं लागेल का? 'स्वतःचा आदर करा' छापाची भाषणं ऐकताना बरं वाटतं, पण साहेब समोर आले की शब्द घशातच राहतात. काय बोलायचं हे तुला ठाऊक असतंच, आड येते ती भीती. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये हेच मांडलं होतं: मनातलं स्पष्ट बोलणं आणि भीती एकत्र नांदत नाहीत, म्हणून बोलण्याचा सराव वाढला की भीतीची पकड सैल होते.

चांगल्या वर्गात तू तुझा खरा प्रसंग सांगतोस, दुसरं कुणीतरी साहेब होतं आणि तुम्ही दोघं तो करून बघता. मग शिकवणारा थांबवतो. नजर खाली गेली, वाक्याचा शेवट पुटपुटलास, 'सॉरी' उगाच आलं. एका वेळी एकच चूक. कुणीतरी तोच प्रसंग करून दाखवतं आणि तू पुन्हा करतोस. जमायला लागलं की 'साहेब' जास्त हट्टी होतात. आणि सुरुवात साहेबांपासून करायचीच नाही, ज्याला नकार देणं सर्वांत सोपं त्याच्यापासून करायची.

बोलायचं कसं, तर आधी घडलं ते, मग त्याचा तुला होणारा त्रास, मग नेमकी मागणी, शेवटी त्याने काय साधेल ते. "या महिन्यात हा अहवाल दोनदा माझ्याकडे आला. माझं काम मागे पडतं, मला ताण येतो. पुढचा दुसऱ्या कुणाला द्यावा, म्हणजे दोन्ही कामं वेळेत होतील." बस्स. आवाज चढवायची गरज नाही.

अडकलेल्या रेकॉर्डसारखं एकच वाक्य शांतपणे म्हणत राहायचं, असंही एक तंत्र आहे. चिकट विक्रेत्यासाठी उत्तम. घरी वापरू नकोस, माणूस यंत्र वाटायला लागतो.

'नकार दिला तर सगळे तुटतील' असं वाटतं ना? बोलण्याआधी ती भीती कागदावर लिहून ठेव, आणि नंतर खरंच काय झालं ते शेजारी लिही. मला हा सगळ्यांत प्रामाणिक भाग वाटतो. मात्र जिथे नोकरीच जाईल किंवा मारहाणीची भीती आहे, तिथे आधी स्वतःची सोय बघायची. गप्प राहायचं ठरवणं हाही निर्णयच असतो. आणि वर्षानुवर्षं दबलेला माणूस सुरुवातीला जरा जास्तच ताडकन बोलतो, त्याने घाबरून सोडून देऊ नकोस.

तोवर वरची वाक्यं तुझ्या शब्दांत लिहून पाठव. रविवारी फोनवर मी साहेब बनतो. लगेच मान्य करणार नाही, सांगून ठेवतो.

तुझाच,
जुना मित्र