मी नऊ वर्षे कोणाच्या बदली होतो?

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : नऊ वर्षे चाललेल्या कामाला ‘तात्पुरते’ म्हणण्याबाबत.

माननीय महोदय,

सविनय नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून हे पत्र लिहीत आहे. गेल्या मंगळवारी कामगार खात्याच्या एका कार्यालयात माझ्या तक्रारीची चौथी तारीख होती. ‘महिन्याभरात दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून प्रश्न मिटवू’ असा शब्द मला तिथेच मिळाला होता. पहिल्या तिन्ही तारखांना कंपनीतर्फे कोणी फिरकले नाही. चौथ्या तारखेला वकील आले आणि त्यांनी दोन मिनिटांत सांगून टाकले, की तक्रारदार हा आमचा कामगार कधी नव्हताच. तो कंत्राटदाराचा माणूस, आणि त्या कंत्राटदाराचे कंत्राट डिसेंबरअखेर संपलेले आहे. साहेबांनी मान डोलावली आणि मला योग्य त्या मालकाविरुद्ध नव्याने अर्ज करण्याचा सल्ला दिला. महोदय, माझा योग्य तो मालक कोण, हे विचारायलाच तर मी तिथे गेलो होतो.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षे रेपियर माग चालवला. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण माझा मेहुणा अजून तिथेच दुसऱ्या पाळीला आहे. या नऊ वर्षांत चार कंत्राटदार झाले. प्रत्येक वेळी गळ्यातल्या ओळखपत्राची फीत बदलली. फाटक, शेड, माग आणि आमच्यावर देखरेख करणारा आणि ओरडणारा जॉबर मात्र तोच राहिला. दर अकरा महिन्यांनी आम्हाला आठ-पंधरा दिवसांचा ‘ब्रेक’ मिळे, म्हणजे घरी बसायचे आणि पगार विसरायचा. त्या दिवसांत माझा माग बंद राहत नसे. त्यावर दुसऱ्या कंत्राटदाराचा माणूस उभा राही, आणि त्याच्या ब्रेकमध्ये मी त्याच्या मागावर. हिशेबाच्या वहीत आम्ही दोघेही तात्पुरते होतो.

माझे वडील गिरणीत बदली कामगार म्हणून लागले होते. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाल्यापासून या शहराला बदलीवाला ठाऊक आहे. भोंगा व्हायच्या आधी दारात जाऊन उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या सांच्यावर, म्हणजे मागावर, जायचे, नसला तर डबा तसाच घेऊन परतायचे. वडिलांनी तसे डबे पुष्कळ परत आणले. पण बदली म्हणजे कोणाच्या तरी बदली; ज्याच्या जागी उभे राहायचे तो माणूस खरोखर असे, आणि काही वर्षांनी एखादी जागा रिकामी झाली की बदलीवाला तिथे कायम होई. वडील तसेच कायम झाले. मी नऊ वर्षे कोणाच्या बदली होतो, ते मला आपल्या खात्याने लेखी कळवावे. आमच्या शेडमध्ये मी स्वतः मोजली तेव्हा ९६ माणसे होती आणि त्यांतली कायम फक्त १४, म्हणजे शंभरात पंधरासुद्धा नाहीत. आसपासच्या कारखान्यांतही हेच प्रमाण आहे असे डबा खाताना बोलले जाते. ते खोटे असेल तर आपल्या निरीक्षकांनी एकदा फाटकावर उभे राहून मोजावे.

मनुष्यबळ विभागातल्या एका तरुण अधिकाऱ्याने मला हे सारे फार नम्रपणे समजावून सांगितले होते. बाजार चढउताराचा आहे, अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, अशा दिवसांत कायम माणसे थोडी आणि बाकीची हवी तेव्हा घेता-काढता येणारी ठेवणे हे कंपनीचे धोरण आहे, असे त्याचे म्हणणे. ऑर्डर येतात आणि जातात हे माग चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. सणासुदीच्या आधी जादा पाळी लावायची असेल तर दोन महिन्यांसाठी माणसे जरूर आणावीत आणि काम संपल्यावर चोख हिशेब देऊन पाठवावीत; त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. परंतु माझा माग नऊ वर्षांत दीर्घकाळ बंद राहिला तो फक्त २०२० च्या टाळेबंदीत. अमेरिकेचे शुल्क २०२५ चे आणि माझा पहिला ब्रेक त्याच्या कितीतरी वर्षे आधीचा, ही गोष्ट त्या अधिकाऱ्याच्या लक्षात आली नसावी. तोही कराराने लागलेला आहे, हे मला मागाहून कळले.

आता कायद्याकडे वळतो, कारण कायदा वाचण्याइतका वेळ मला सध्या आहे. तात्पुरत्या कामगाराला कायम कामगाराच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे तात्पुरताच ठेवणे, ही अनुचित प्रथा असल्याचे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे आणि केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा पूर्वी २० कामगारांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने २०१६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५० वर नेली आणि केंद्राच्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेनेही ५० चाच आकडा धरला. आमच्या कारखान्यात एका कंत्राटदाराची माणसे ४७ होती आणि दुसऱ्याची ४९. पन्नासावा माणूस आमच्या सोलापुरात कुठे सापडतच नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान (ग्रॅच्युइटी) मिळणार, ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. मुलीने विचारले, ‘पप्पा, तुमचा करार किती महिन्यांचा?’ अकरा. भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो, तसाच तिच्या बापाचाही.

उपदानाचा माझा हिशेब सोपा आहे. मूळ पगार १३,००० रुपये, त्याला महिन्यातल्या कामाच्या २६ दिवसांनी भागून दर वर्षामागे १५ दिवसांचे होतात ७,५०० रुपये आणि नऊ वर्षांचे ६७,५०० रुपये. चार कंत्राटदारांपैकी एकाकडेही उपदानाला लागणारी माझी पाच वर्षे भरत नाहीत, म्हणून या हिशेबाचे उत्तर शून्य आहे, असे मला सांगण्यात आले. भविष्य निर्वाह निधीची गत तशीच. दुसऱ्या कंत्राटदाराने मी काम सोडल्याची तारीख भरलीच नाही, त्यामुळे आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी स्वतःचे पैसे हाती आले नाहीत आणि पत्नीचे मंगळसूत्र गहाण पडले. पत्नी घरी विड्या वळते. तिच्याकडे विडी कामगार म्हणून ओळखपत्र आहे. इतकी वर्षे मोठ्या ‘कंपनीत’ जाणाऱ्या माझ्याकडे चार फिती आहेत. घरकर्जासाठी बँकेत गेलो तर नेमणूकपत्र मागितले. मी हजेरीपत्रक दाखवले, तेव्हा तिथला कारकून हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

आपण म्हणाल, हे खासगी कारखान्यांचे झाले. पण महोदय, त्यांनी हे शिकावे तरी कोणाकडून? सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच शासनाने नऊ संस्थांमार्फत बाहेरून मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि राज्यभर ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. माझी पदवीधर पुतणी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतनावर एका शासकीय कार्यालयात जाऊ लागली. आधी सहा महिने, मग पाच महिन्यांची वाढ, एकूण पुन्हा अकरा! तिने टंकलेली पत्रे तिथल्या कायम कर्मचाऱ्यांच्या सहीने जात. ती आता घरी आहे. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे झाडलोट करणाऱ्यांना डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सेवेत नियमित व्हावे लागले. झाडलोटीचे काम नित्याचे आहे हे ठरवायला जिथे देशाचे सर्वोच्च न्यायालय लागते, तिथे टॉवेल विणणे नित्याचे आहे हे मी कोणत्या टेबलावर सिद्ध करू?

माझ्या मागण्या फार नाहीत. कामगाराची सेवा कंत्राटदाराच्या कागदावरून न मोजता ज्या फाटकातून तो आत जातो त्या फाटकावरून मोजावी. प्रत्येक कारखान्याने कायम आणि कंत्राटी माणसांची संख्या, कंत्राटदाराच्या नावासह, दारावर लावावी. आणि माझ्या तक्रारीत कंपनी व चारही कंत्राटदार यांना एकाच दिवशी, एकाच खोलीत बोलवावे, म्हणजे मी कोणाचा होतो हे ते आपसांत ठरवतील आणि मी तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसेन. त्या बाकाची मला आता सवय झाली आहे.

आपला,
एक यंत्रमाग कामगार,
सोलापूर

ता. क. – हे पत्र लिहून पाकिटात घातले आणि नव्या कंत्राटदाराच्या मुकादमाचा फोन आला. माझ्या जुन्याच मागावर माणूस हवा आहे. अकरा महिने, नवीन माणूस म्हणून, नव्या माणसाच्या दराने, आणि त्याआधी तक्रार मागे घेतल्याचा कागद द्यायचा. शनिवारपर्यंत कळवायचे आहे.