बीटामॅक्स ‘फसला’ कसा?

फसलेल्या उपकरणांच्या यादीत सोनीचा बीटामॅक्स हटकून पहिला असतो. १९७५ साली आलेला हा व्हिडिओ रेकॉर्डर व्हीएचएस या प्रतिस्पर्धी कॅसेट-पद्धतीपुढे हरला, हे खरेच. सुरुवातीची कॅसेट जेमतेम तासाभराची. तिच्यात अख्खा सिनेमा मावणार कसा? १९८८मध्ये खुद्द सोनीलाच व्हीएचएस यंत्रे काढावी लागली. पण बीटामॅक्सचे रेकॉर्डर २००२पर्यंत आणि कॅसेट २०१६पर्यंत मिळत होत्या! त्याच कुळातल्या बीटाकॅम या व्यावसायिक टेपवर तर जगभरच्या वाहिन्यांनी वर्षानुवर्षे बातम्या टिपल्या. याला दिवाळे कोण म्हणेल? नाव घ्यायचेच तर गूगल ग्लासचे घ्या. दीड हजार डॉलरचा, समोरच्याचे चित्रण करू शकणारा कॅमेरावाला चष्मा, अमेरिकेतल्या काही बारवाल्यांनी त्यावर बंदीच घातली, आणि २०१५मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री गुंडाळली.

– एक वाचक, डोंबिवली