मोजणी मे महिन्यात कशी?

महोदय,
आमच्या गावाच्या माळावर खडी क्रशर प्रस्तावित आहे. रस्त्याला काही अडचण नाही, असे त्याच्या वाहतूक अहवालात म्हटले आहे. रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी मात्र मे महिन्यात, एकाच दिवशी झाली! तेव्हा शाळा बंद, उसाचे गाळप संपलेले. मी एसटीचा निवृत्त चालक आहे, या रस्त्यावर वर्षानुवर्षे गाडी चालवली आहे. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर समोरून आले की बस साइडपट्टीवर उतरवावी लागे, आणि पावसाळ्यानंतर ती साइडपट्टी वीतभर खचलेली असते.

ग्रामीण रस्त्यांवर सलग सात दिवस, चोवीस तास मोजणी करावी, वर्षातून दोनदा, त्यातली एक सुगीच्या काळात, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे मार्गदर्शन आहे. शिवाय त्यांच्या हिशेबात एक ट्रक तीन मोटारींएवढा, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार मोटारींएवढा धरतात. इथे सगळी वाहने सारखीच मोजली आहेत.

शाळेजवळचे वळण तर अहवालात नाहीच. ताशी ४० किलोमीटर वेगात चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गाडी पंचवीस मीटरच्या वर पुढे जाते. भरलेला डंपर थांबायला त्यापुढे आणखी अंतर लागते. त्या वळणावर समोरचे तेवढे दिसतच नाही. सायकलवरची मुले तिथूनच येतात.

जनसुनावणीपूर्वी डिसेंबरात फेरमोजणी व्हावी आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी डंपर बंद ठेवण्याची अट परवानगीतच लिहावी.

– एक निवृत्त एसटी चालक, ता. पुरंदर, जि. पुणे