नरसंहाराविरुद्धचा कायदा नरसंहार घडण्याआधी हवा : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. जपानी आक्रमणातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. हे इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं. त्या आक्रमणाच्या सूत्रधारांवर पुढे १९४६ ते १९४८ या काळात टोकियोत खटला चालला, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. तिथल्या अकरा न्यायाधीशांत एक भारतीय होते, राधाबिनोद पाल. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. तरीही सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं निकालपत्र त्यांनी स्वतंत्रपणे लिहिलं. कृत्य घडलं तेव्हा जो गुन्हाच नव्हता, त्याबद्दल नंतर शिक्षा देता येत नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता.

पाल यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. पण हे तत्त्व आपल्याच संविधानाच्या अनुच्छेद २०(१) मध्ये आहे आणि ते तिथे असायलाच हवं. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. भारतात आज नरसंहार (एखादा गट नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं) आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे (नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला करून केलेले खून, छळ वगैरे) यांच्यासाठी फौजदारी कायद्यात कलम नाही. उद्या एखाद्या सत्ताधाऱ्याने आपल्याच लोकांची कत्तल घडवली आणि परवा कायदा आला, तर तो कायदा त्याला लागू होणार नाही. कायद्याविना जाणारं प्रत्येक वर्ष त्या वर्षातल्या अपराध्यांना या गुन्ह्यांतून कायमचं सोडून देतं.

संयुक्त राष्ट्रांच्या नरसंहारविरोधी करारावर भारताने १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यातलं चौथं कलम स्पष्ट म्हणतं की गुन्हेगार राज्यकर्ता असो, अधिकारी असो वा सामान्य माणूस, त्याला शिक्षा व्हावी. पाचव्या कलमात प्रत्येक देशाने त्यासाठी आपापला कायदा करण्याचं वचन दिलं आहे. ते वचन आपण पाळलेलं नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात माजी खासदार सज्जन कुमार यांना जन्मठेप दिली, ३४ वर्षांनी. त्याच निकालात न्यायालयाने मुंबई, गुजरात, कंधमाल आणि मुझफ्फरनगर इथल्या हत्याकांडांचाही उल्लेख केला, आणि हे दोन्ही गुन्हे आपल्या कायद्यात नाहीत, ही पळवाट तातडीने बंद करावी, असं बजावलं. पुढे भारतीय न्याय संहिता लिहिली गेली. तिच्यात संघटित गुन्हेगारी आली, दहशतवादी कृत्य आलं, झुंडबळीसाठी तरतूद आली. १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली. हे दोन गुन्हे तिच्यात नाहीत.

खून, कट, चिथावणी ही कलमं पुरेशी आहेत असं आपले अधिकारी आपल्याला सांगतील. मी इथल्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो, म्हणून सांगतो : पुरत नाहीत. खुनाच्या खटल्यात वार कोणी केला, हत्यार कोणतं, पाहिलं कोणी, हेच आम्ही तपासतो. कत्तलीत असे शेकडो वेगवेगळे गुन्हे नोंदले जातात आणि ज्याच्या इशाऱ्यावर सगळं घडलं त्याचं नाव त्यातल्या एकाही फिर्यादीत येत नाही. कटाचं कलम लावायचं तर संगनमताचा पुरावा लागतो, आणि बंद खोलीतलं संगनमत सांगणार कोण? आंतरराष्ट्रीय कायदा इथे वरिष्ठाची जबाबदारी धरतो. हाताखालचे लोक मारत सुटलेत हे माहीत असून ज्याने त्यांना रोखलं नाही, नंतर शिक्षाही केली नाही, तो वरिष्ठ दोषी ठरतो. शिवाय आपल्याकडे सरकारी पदावरच्या माणसावर खटला भरायला सरकारचीच पूर्वपरवानगी लागते. या गुन्ह्यांपुरती ती अट काढलीच पाहिजे.

आणि दोन्ही गुन्हे हवेत, एक पुरणार नाही. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने सुमारे १७ लाख माणसं मृत्यूच्या खाईत लोटली. मरणारे बहुसंख्य ख्मेर, म्हणजे तिथल्या मुख्य वंशाचे, आणि मारणारेही ख्मेर. करारातली नरसंहाराची व्याख्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय आणि धार्मिक गटांपुरतीच आहे. त्यामुळे या राजवटीच्या नेत्यांवरच्या खटल्यात २०१८ मध्ये नरसंहाराचा दोष सिद्ध झाला तो फक्त च्याम मुस्लिम आणि व्हिएतनामी यांच्या बाबतीत. बाकीच्यांना न्याय मिळाला तो मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या आरोपाखाली. तोही किती उशिरा! राजवटीचा प्रमुख पोल पॉट १९९८ मध्येच मेला होता. तिचा परराष्ट्रमंत्री इएंग सारी खटला चालू असताना २०१३ मध्ये गेला. शेवटी दोषी ठरले तिघे.

हे खटले सूडाचं हत्यार होऊ शकतात, याची मलाही धास्ती वाटते. बांगलादेशच्या न्यायाधिकरणाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी माजी पंतप्रधान शेख हसीना यांना, २०२४ चं विद्यार्थी आंदोलन चिरडताना झालेल्या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी, त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली. हे न्यायाधिकरण २०१० मध्ये त्यांच्याच सरकारने उभं केलं होतं. त्या आंदोलनात गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना न्याय मिळालाच पाहिजे, पण आरोपी समोर नसताना दिलेली फाशी मला मान्य नाही. ज्या शहरातल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी इंग्रजांनी येरवड्यात फासावर चढवलं, तिथला माणूस फाशी मागणार नाही. म्हणून विधेयकात कमाल शिक्षा जन्मठेप ठेवा, आरोपीला पूर्ण बचाव द्या, साक्षीदारांना संरक्षण द्या, आणि खटला भरायचा की नाही हे सरकारऐवजी स्वतंत्र अभियोग यंत्रणेला ठरवू द्या.

मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर जागतिक करार करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची परिषद २०२८ आणि २०२९ मध्ये व्हायची आहे. तिथे भारताचा प्रतिनिधी कोणत्या कायद्याच्या आधारावर बोलणार? आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्याबाबतच्या संविधानाच्या अनुच्छेद २५३ नुसार संसदेला हा कायदा करण्याचा अधिकार आहे. विधेयकाचा मसुदा या वर्षात लोकांच्या हरकतींसाठी जाहीर करावा, ही विनंती. आमच्या वकील संघातले अनेक जण त्यावर लेखी सूचना पाठवायला तयार आहेत.

आपला,
सोलापूर न्यायालयातील एक फौजदारी वकील