१२४वा मजला आपल्या नाशिकपेक्षा खाली आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर मी तुम्हाला दुबईला बुर्ज खलिफा बघायला या म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "उंच बिल्डिंग ती काय बघायची, काचाच दिसणार." आणि आईला काळजी, की एवढ्या वर धाप लागेल. मागे पोरांचा दंगा चालू होता, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी आईचं. आई, बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर आहे खरी, पण टोकापर्यंत कोणालाच नेत नाहीत. नेहमीच्या तिकिटात १२४-१२५व्या मजल्यापर्यंत जाता येतं आणि १२४वा मजला जमिनीपासून ४५२ मीटरवर आहे. दुबई समुद्राला लागून, आणि आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटरवर. म्हणजे इंदिरानगरच्या घरात तू ओट्याशी उभी असतेस तेव्हाच त्या मजल्याहून शंभर मीटर वर असतेस! ब्रह्मगिरी तर त्याच्या दुपटीहून उंच आणि तो तू पायी चढली आहेस. तेव्हा धापेची भीती मनातून काढून टाक. जिनेही चढायचे नाहीत. लिफ्ट मिनिटभरात वर पोहोचवते. कानाला दडे बसतात तेवढे, म्हणून तोंडात खडीसाखर ठेव आणि आवंढा गिळत राहा. वणीला ट्रॉलीत बसलीस तशीच इथेही बसशील, मला खात्री आहे.

आता बाबा, तुमचं. तुम्हाला मी काचा दाखवायला बोलावतच नाहीये. तुमची उभी हयात बांधकामाच्या साइटवर गेली, म्हणून हे काम तुम्ही बघावं असं मला फार वाटतं.

आपल्याकडे पाया खणायला घेतला की थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो आणि तुम्ही निश्चिंत होता. दुबईत तसा खडक नाही. वर वाळू आणि खाली ठिसूळ, कच्चा दगड. एवढं ओझं टेकवायचं कशावर? म्हणून जमिनीत १९२ पाइल, म्हणजे काँक्रीटचे खोल खांब घातले, प्रत्येक दीड मीटर व्यासाचा आणि त्रेचाळीस मीटरच्या आसपास लांब. त्यांच्यावर ३.७ मीटर जाडीचा काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे सलग थर. हे पाइल मुख्यतः खालच्या टणक थरावर टेकून उभे नाहीत. बाजूच्या दगडाशी होणाऱ्या घर्षणावर ते भार पेलतात. त्यात जमिनीतलं पाणी समुद्राच्या पाण्याहून खारट, सळई खाऊन टाकणारं. त्यासाठी काँक्रीटचं मिश्रण वेगळं केलं, वॉटरप्रूफिंग केलं, शिवाय सळईला गंज चढू नये म्हणून विजेच्या सूक्ष्म प्रवाहाची सोय ठेवली. यातलं काहीच पर्यटकाला दिसत नाही. तुम्हाला मात्र तिथे उभं राहिल्यावर पायाखालचं सगळं जाणवेल.

आणि काँक्रीट! तुम्ही नेहमीच्या एम-२० ताकदीच्या काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ठोकळे, तपासायला पाठवायचात आणि रिपोर्ट येईपर्यंत तुम्हाला चैन पडायचं नाही. इथे खालच्या भिंतींना त्याच्या चौपट ताकदीचं काँक्रीट आहे. उन्हाळ्यात ते रात्रीच ओतायचे, तेही मिश्रणात बर्फ घालून, नाहीतर दिवसाच्या उन्हात भराभर आवळून तडे गेले असते. एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकायचा असला की तुम्ही पहाटे साडेचारला स्कूटर काढायचात आणि दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी भरलंय की नाही ते स्वतः वर चढून बघायचात, त्यातलंच हे. पंपाने काँक्रीट सहाशे मीटरच्या वर चढवलं, तोही विक्रमच होता. १५६व्या मजल्यापर्यंत काँक्रीट, त्यावर पोलादाचा सांगाडा.

आकार तीन पाकळ्यांचा आहे. मधे सहा कोनांचा गाभा आणि त्यातून निघालेले तीन पंख एकमेकांना टेकू देतात. मुख्य भार काँक्रीटच्या भिंतीच उचलतात. बिल बेकर नावाच्या इंजिनिअरची ही रचना, वास्तुरचना एड्रियन स्मिथ यांची, दोघंही तेव्हा शिकागोच्या एकाच कंपनीत. त्याच कंपनीत पूर्वी ढाक्याचे फझलुर रहमान खान होते, ज्यांनी शिकागोचा उंच सिअर्स टॉवर उभा केला. वर जाता जाता इमारत टप्प्याटप्प्याने निमुळती होते, ती नुसती शोभेसाठी नव्हे. उंच इमारतीच्या मागे वाऱ्याचे भोवरे एका लयीत सुटू लागले की इमारत हलायला लागते. इथे प्रत्येक उंचीवर रुंदी वेगळी, त्यामुळे भोवऱ्यांना ती लय सापडतच नाही. वरचा पोलादी शिखराचा भाग दोनशे मीटरहून जास्त. तो इमारतीच्या आत जोडत जोडत हायड्रॉलिक जॅकने वर ढकलला. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा तुम्हीच डोळ्यांसमोर आलात.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. काम भरात असताना बारा हजारांच्या आसपास माणसं तिथे राबत होती, बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेशातली. मार्च २००६ मध्ये कमी पगार आणि वाईट वागणूक यांवरून त्यांच्या संतापाचा भडका उडाला होता. बिल अडकलं तरी तुम्ही मजुरांचा आठवड्याचा पगार थांबवला नाहीत, प्रसंगी आईच्या बांगड्या ठेवल्यात. त्या इमारतीकडे बघताना मला अभिमान वाटतो तो आधी त्या माणसांचा.

बाकी माहिती थोडक्यात. ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन झालं. तोवर नाव बुर्ज दुबई होतं, त्या दिवशी देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेख खलिफा यांचं नाव दिलं. जगातली सर्वांत उंच इमारत हा आधीचा विक्रम तैपेईच्या ५०८ मीटर उंच इमारतीचा होता. आता सौदीत जेद्दाहला हजार मीटरच्या वरचा मनोरा बांधायला घेतलाय, म्हणजे हा विक्रमही मोडणार. एसीच्या थंडाव्याने हवेतलं जे पाणी गळतं ते साठवून बागेला देतात, वर्षाला साडेपाच कोटी लिटरच्या वर. आई, हे तुला आवडेल.

तुला आवडेल अशी आणखी एक गंमत आहे. वरून क्षितिज लांबवर दिसतं, त्यामुळे वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळतो. म्हणून रमझानमध्ये ८० मजल्यांच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० च्या वरच्यांनी तीन मिनिटं, असं दुबईच्या धर्मगुरूंनी २०११ मध्ये सांगितलं होतं. याच हिशेबाने चंद्र वर आधी दिसतो. संकष्टीच्या रात्री गेलो तर खालच्या लोकांच्या दोन-तीन मिनिटं आधी तुला चंद्रोदय दिसेल. मी मोदकाचा डबा घरी तयार ठेवते, दर्शन घेऊन आलो की उपास सोडू.

डिसेंबर-जानेवारीत या. हवा छान असते आणि धुरळाही कमी. सूर्यास्ताच्या वेळचं तिकीट महाग पडतं, म्हणून रात्रीचं काढू. मेट्रो स्टेशनपासून बरंच चालावं लागतं, आपण टॅक्सीनेच जाऊ. कसारा घाट उतरून मुंबईच्या विमानतळावर पोहोचायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच पुढे विमानाला लागतो.

बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपतेय ते बघा आणि पहिल्या पानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. निदान सहा महिने शिल्लक हवेत, कमी असतील तर आधी नूतनीकरण करावं लागेल. आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं की मी लगेच तिकिटं काढते.

तुमची,
मनू